पदच्युतांचा इन्साफ

बगदादपासून उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर दुजैल नावाचे एक गाव आहे. खजुरीच्या व फळझाडांच्या बागांनी वेढलेल्या, बहुसंख्य शियापंथीयांच्या या गावातून ८ जुलै १९८२ रोजी सद्दाम हुसेनच्या मोटारींचा ताफा जात असता बागांच्या आडोशाने त्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सद्दामला इजा झाली नाही. गाव मात्र त्या दिवसापासून उजाड होत गेले. घरेच्या घरे अटकेत पडली, बायकामुलांची रवानगी वाळवंटातील छावणीत झाली, पिढ्यानपिढ्या जोपासलेल्या बागा मुळासकट उपटून काढण्यात आल्या. आणि १४८ पुरुषांवर व पोरसवदा मुलांवर ‘क्रांतिन्यायालया’त खटला चालविण्यात आला, निदान कागदोपत्री तसे दाखविण्यात आले. जून १९८४ मध्ये त्या न्यायालयाचा मुख्य अवाद अल-बंदर याने सर्वच्या सर्व १४८ जणांस देहान्ताची शिक्षा फर्मावली. यांपैकी चाळिसांहून अधिक लोक चौकशीच्या छळात आधीच दगावलेले होते. म्हणजे मेलेल्यांनाही फाशी सुनावण्यात आली, आणि मयतांची व जिवंतांची ती एकच यादी शिक्षामोर्तबासाठी वर गेली तेव्हा तीवर सद्दामची सही बिनतक्रार पडली.

तो कागद २१ वर्षे दप्तरात राहिला. १९ ऑक्टोबर २००५ रोजी बगदादमध्ये, एके काळी बाथ पक्षाचे मुख्यालय असलेल्या इमारतीत, पांढऱ्या गजांच्या कठड्यामागे सद्दाम आणि त्याचे सात सहआरोपी बसविण्यात आले, तेव्हा त्या सातांत अवाद अल-बंदरही होता. आणि त्याच्यावरील मुख्य आरोप असा की त्याने खोटा खटला चालविला, आरोपींची कैफियत ऐकली नाही, वकिलास बोलू दिले नाही, पुरावा पाहिला नाही आणि वरून आलेल्या इच्छेवर न्यायाचा शिक्का उमटविला. दुजैलचा खटला हा अशा रीतीने एका बनावट खटल्याविरुद्धचा खटला होता. पदच्युत हुकूमशहाला न्यायासनापुढे खेचणे कितपत न्याय्य, या जुन्या प्रश्नाचा विचार करताना प्रस्तुत लेखकास हे एकच प्रकरण पुनःपुन्हा आठवते, ते याच कारणाने. जे न्यायासन दुसऱ्याच्या खोट्या न्यायाचा इन्साफ करावयास बसते, त्याने स्वतःच्या न्यायात किती चोख असावे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून टाकली पाहिजे. प्रश्न हुकूमशहाच्या निरपराधित्वाचा नाही. ज्यांच्याविषयी येथे लिहावयाचे आहे त्यांपैकी बहुतेकांच्या अपराधांबद्दल शहाण्या माणसास संशय घेण्याचे कारण नाही, आणि नेमकी तीच अडचणीची बाब आहे. कारण ज्याचा अपराध जगजाहीर आहे त्याचा न्याय करावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नीट सांगितलेले नाही. मराठी वाचकास अशा वेळी रामशास्त्री प्रभुणे आठवल्यावाचून राहत नाहीत. परंतु रामशास्त्र्यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते दादा मसनदीवर असताना, आणि सांगून झाल्यावर पुणे सोडावे लागले ते शास्त्र्यांनाच. येथे विषय आहे तो मसनद गेल्यानंतरच्या न्यायाचा, ज्यात न्यायाधीशास आरोपीचे भय नसते. भय असते ते आरोपीला खाली ओढणाऱ्यांचे.

सद्दामने पहिल्याच दिवशी न्यायाधीशास विचारले की तू कोण, आणि मी तुझ्या न्यायालयाचा अखत्यार मानीत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे म्हणून पुष्कळांनी तो प्रसंग हसण्यावारी नेला. पण हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये विचारला गेला होता, आणि विचारणारा काही उर्मटपणापोटी विचारीत नव्हता. जानेवारी १६४९ मध्ये इंग्लंडचा पहिला चार्ल्स जॉन ब्रॅडशॉच्या न्यायासनापुढे उभा राहिला तेव्हा त्याने आरोपांस उत्तर देण्याचेच नाकारले. कोणत्या अधिकाराने मला येथे आणले एवढे सांगा, मग मी बोलतो, अशी त्याची भूमिका होती. त्याला समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही. खटला २० तारखेस सुरू झाला, ३० तारखेस शिरच्छेद झाला. राजाच्या नावाने चालणाऱ्या न्यायालयांत राजाचाच न्याय कसा करावा, या पेचातून वाट काढण्यासाठी सैन्याने गाळून ठेवलेल्या पार्लमेंटाने एक खास न्यायालय निर्माण केले. आणि तेव्हापासून आजतागायत पदच्युत सत्ताधीशांचे बहुतेक खटले अशा खास, त्या एका माणसाकरिता उभारलेल्या न्यायालयांत चाललेले दिसतात. खास न्यायालय म्हटले की निकालही खास असणार हा लोकांचा संशय तेवढाच जुना आहे.

फ्रेंचांनी हा पेच अधिक उघडपणे मांडला. डिसेंबर १७९२ मध्ये सोळाव्या लुईचे काय करावे याची चर्चा राष्ट्रीय परिषदेत चालली असता रोबेस्पिएरने जो युक्तिवाद केला तो आजही वाचणाऱ्यास अस्वस्थ करतो. त्याचे म्हणणे असे की खटला चालवावयाचा म्हणजे आरोपी निर्दोष ठरू शकतो हे गृहीत धरावयाचे. आणि लुई निर्दोष ठरला तर ज्यांनी त्याला पदच्युत केले ते सारे गुन्हेगार ठरतात, क्रांतीच गुन्हेगार ठरते. म्हणून खटला नकोच, शत्रूला शत्रूप्रमाणे संपवावा. हा युक्तिवाद क्रूर आहे, पण प्रामाणिक आहे. पुढच्या काळात अनेकांनी रोबेस्पिएरचा निष्कर्ष मनात धरून खटल्याचा देखावा मात्र केला, आणि त्या देखाव्यापेक्षा रोबेस्पिएरचा रोखठोकपणा बरा असे म्हणावयाची पाळी आणली. फ्रेंचांनी अखेर खटला चालविला, पण परिषदच फिर्यादी आणि परिषदच न्यायाधीश. लुईचे वकीलपत्र सत्तरी उलटलेल्या मालशेर्ब या जुन्या मंत्र्याने आपण होऊन मागून घेतले. २१ जानेवारी १७९३ रोजी अशील वधस्तंभावर चढला; १७९४ मध्ये वकीलही त्याच मार्गाने गेला.

आपल्याकडची जी एक कथा या विषयास अगदी लागून आहे तिचा उल्लेख इंग्रजी ग्रंथांत सहसा सापडत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. १८७० साली खंडेराव गायकवाडांच्या पश्चात बडोद्याच्या गादीवर आलेले मल्हारराव महाराज हे मवाळ राज्यकर्ते म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांच्या अंमलातील जुलमांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८७३ मध्येच कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले गेले होते. मग नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली, रेसिडेन्सीच्या नोकरांच्या जबान्या झाल्या, आणि संशयाची सुई राजवाड्याकडे वळली. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना महाराजांस परस्पर गादीवरून काढता आले असते. तसे न करता त्यांनी महाराजांस प्रथम अधिकारावरून दूर केले आणि सहा जणांचे कमिशन बसविले: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, तेच कर्नल मीड आणि मेल्व्हिल हे तीन इंग्रज; ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन एतद्देशीय. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित बॅरिस्टर आले, त्यांनी साक्षीदारांची उलटतपासणी केली आणि पोलिसांनी वळविलेल्या साक्षींचे धागे एकेक करून उसवले.

निकाल काय लागला? तीन इंग्रजांच्या मते गुन्हा शाबीत; तीन हिंदी सभासदांच्या मते शाबीत नाही. ज्या काळी एतद्देशीय संस्थानिकास इंग्रज सरकारच्या मर्जीविरुद्ध तोंडातून शब्द काढणे जड जात असे, त्या काळी शिंदे आणि दिनकरराव यांनी दिलेला हा अभिप्राय सामान्य नव्हे. कायद्याच्या कोणत्याही शिरस्त्याप्रमाणे समसमान मते पडली म्हणजे आरोपी सुटतो. मल्हारराव सुटले नाहीत. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने जाहीरनामा काढून विषप्रयोगाचा मुद्दा बाजूस सारला, गैरकारभाराचे जुने कारण पुढे केले आणि महाराजांस पदच्युत केले. त्यांस मद्रासेस नेऊन ठेवण्यात आले, तेथेच १८८२ मध्ये ते वारले. इकडे नाशिककडील कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला जाऊन सयाजीराव म्हणून गादीवर बसला आणि त्याने जो कारभार केला त्यामुळे मल्हाररावांची आठवण काढण्याचे कारण कोणास उरले नाही. गादीवर चांगला माणूस आला, हे खरे. पण कमिशनचा निर्णय सरकारला हवा तसा लागला असता तर तो न्याय म्हणून मिरविला गेला असता, तसा लागला नाही तेव्हा तो फडताळात गेला, हेही तितकेच खरे. ज्या न्यायालयाने सोडले तरी आरोपी सुटत नाही, ते न्यायालय कशासाठी बसते, हा प्रश्न बडोद्याने १८७५ मध्ये विचारून ठेवला आहे.

त्याच्या १७ वर्षे आधी दिल्लीच्या लाल किल्ल्यात, दिवाण-इ-खासमध्ये, बहादूरशहा जफरचा जो खटला लष्करी कमिशनपुढे चालला त्यात तर एवढीही अब्रू राखली गेली नव्हती. ऐंशी उलटलेला तो म्हातारा हुकूमशहा नव्हता, धड बादशहाही नव्हता; कंपनीच्या तनख्यावर जगणाऱ्या माणसावर कंपनीशी राजद्रोह केल्याचा आरोप ठेवताना राजा कोण आणि प्रजा कोण याचाच घोळ झाला होता. शिक्षा आधीच ठरलेली होती, ती रंगूनला जाऊन भोगावयाची होती.

देखाव्याचे पुढील नमुने चटकन सांगून टाकता येतात, कारण त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही. २५ डिसेंबर १९८९ रोजी रुमानियातील तर्गोविश्ते येथील लष्करी ठाण्यात निकोलाय चाउशेस्कू आणि त्याची पत्नी एलेना यांचा खटला जेमतेम तासभर चालला. आरोपात मृतांचा आकडा ६०,००० सांगितला गेला, तो पुढे कधीही शाबीत झाला नाही. बचावाचा वकीलच अशिलांना दोष देऊ लागला, आणि निकाल वाचून होताच दोघांना अंगणातील भिंतीशी नेऊन गोळ्या घातल्या. काही दिवसांतच त्या देशाने देहान्त शिक्षा रद्द केली. खटल्याच्या अध्यक्षस्थानी असलेल्या गिका पोपा याने मार्च १९९० मध्ये आत्महत्या केली. विषुववृत्तीय गिनीचा फ्रान्सिस्को मासियास याचा खटला तर सप्टेंबर १९७९ मध्ये मालाबो शहरातील एका सिनेमागृहात भरला. मासियास राक्षसी होता यात वाद नाही. पण त्याला उलथून खटला भरणारा त्याचा सख्खा पुतण्या तेओदोरो ओबियांग हा त्याच्याच राजवटीतला बडा लष्करी अधिकारी. काकाला गोळी घालून पुतण्या जो गादीवर बसला तो अद्याप उठलेला नाही. काका-पुतण्यांच्या राजकारणात आपणही काही मागे नाही, पण हे जरा अतिच झाले.

या सगळ्यावर एक ठराविक आक्षेप असतो, तो आपल्याकडच्या म्हणीत सांगावयाचा तर ‘बळी तो कान पिळी’. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा न्याय करावयाचा, आणि जिंकलेल्यांचा कोणी करावयाचा नाही. न्यूरेंबर्गला १९४५-४६ मध्ये नाझी पुढाऱ्यांचा न्याय झाला तेव्हा रशियनांनी आरोपपत्रात कातिन येथील पोलिश अधिकाऱ्यांच्या कत्तलीचा आरोप जर्मनांवर घातला होता; ती कत्तल आपणच केली हे मॉस्कोने कबूल केले १९९० मध्ये. न्यायासनाने निकालपत्रात त्या आरोपाविषयी अवाक्षर काढले नाही, एवढीच त्याची लाज राहिली. परंतु न्यूरेंबर्गविषयी आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे: शाख्त, पापेन आणि फ्रित्शे या तिघांना त्या न्यायासनाने निर्दोष सोडले, रशियन न्यायाधीशाचा विरोध असताना सोडले. टोकियोच्या लष्करी न्यायासनात मात्र कोणी सुटले नाही. तेथील ११ न्यायाधीशांपैकी कलकत्त्याचे राधाविनोद पाल यांनी १९४८ मध्ये सर्व आरोपींस सर्व आरोपांतून मुक्त करणारे विस्तृत भिन्नमत लिहिले. ते न्यायालयात वाचूनसुद्धा दाखविले गेले नाही. पालांनी जपानी सैन्याचे अत्याचार नाकारले होते असा समज जपानातील काही मंडळींनी पसरविला आहे, तो खोटा आहे. त्यांचे म्हणणे कायद्याचे होते: युद्ध पुकारणे हा ज्या वेळी गुन्हा नव्हता त्या वेळच्या कृत्यांस मागाहून गुन्हा ठरविता येत नाही, आणि अणुबाँब टाकणाऱ्यांनी न्यायासनावर बसावे हे तर मुळीच शोभत नाही. पालांचा तर्क सर्वस्वी मान्य करणे प्रस्तुत लेखकास जमत नाही. नानकिंगमध्ये जे घडले त्याला नवा कायदा करण्याची गरजच नव्हती, खून हा नेहमीच खून असतो. पण ११ जणांत एकाने तरी असे लिहिले, यामुळे त्या न्यायासनाची बूज वाढली, कमी झाली नाही.

मग चांगला खटला झालाच नाही काय? झाला, आणि तो विजेत्यांच्या फौजेने नव्हे, ज्यांनी सोसले त्यांच्याच देशाने चालविला. अर्जेंटिनात १९७६ पासून लष्करी टोळक्याने राज्य केले, हजारो माणसे रात्रीतून नाहीशी केली, फॉकलंडच्या युद्धात मार खाल्ला, आणि जाता जाता स्वतःला माफी देणारा कायदा करून ठेवला. डिसेंबर १९८३ मध्ये राउल आल्फोन्सिन अध्यक्ष झाले. तो कायदा रद्द झाला. आणि एप्रिल १९८५ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या नेहमीच्या संघीय न्यायालयात, जुन्याच दंडसंहितेखाली, नऊ सेनापतींवर उघड खटला सुरू झाला. खास न्यायालय नाही, खास कायदा नाही, मागाहून लागू केलेला गुन्हा नाही. आठशेंहून अधिक साक्षीदार झाले. दूरचित्रवाणीवर रोज अवघी काही मिनिटे, तीही मुकी, चित्रे दाखविली जात. लष्कर अजून बराकीत शस्त्रे बाळगून होते आणि न्यायाधीशांना ते ठाऊक होते. ९ डिसेंबर १९८५ रोजी निकाल लागला: विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप, तिघांना कमी मुदतीच्या शिक्षा, आणि चौघे निर्दोष.

या चौघांवर माझे सारे म्हणणे येऊन ठेपते. ज्यांच्या मुलांचा पत्ता लागला नव्हता त्या आयांना त्या चार सुटकांनी काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही; रागाने उठून गेलेल्या माणसांना दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. तथापि त्या चार जणांनी दाराबाहेर पाऊल टाकले, म्हणूनच उरलेल्या पाच जणांची शिक्षा ही शिक्षा ठरली, सूड ठरला नाही. पुढे १९९० मध्ये अध्यक्ष मेनेम यांनी त्यांना माफी दिली, ती माफी यथावकाश न्यायालयांनी मोडून काढली, विदेला पुन्हा गजाआड गेला आणि मे २०१३ मध्ये तुरुंगातच वारला. ग्रीसने १९७५ मध्ये पापादोपुलोस आणि त्याच्या कर्नल-साथीदारांना देहान्त सुनावून ती शिक्षा लगेच जन्मठेपेवर आणली, हाही त्याच जातीचा शहाणपणा. दक्षिण कोरियाने १९९६ मध्ये चुन दू-ह्वानला ग्वांगजूच्या कत्तलीबद्दल फाशी सुनावली, अपिलात ती जन्मठेप झाली, आणि १९९७ च्या अखेरीस माफी देऊन घरी पाठविले. तेथे न्यायाधीशांनी आपले काम केले, राजकारण्यांनी आपले.

देशाबाहेरच्या न्यायालयांकडे वळले की दुसरीच तऱ्हा दिसते. सर्बियाच्या मिलोसेविचचा खटला हेगला फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाला आणि चार वर्षांनी, मार्च २००६ मध्ये, निकालाआधीच तो कोठडीत मेला. इतक्या सावकाशीने न्याय द्यावयाचा तर आरोपीच्या प्रकृतीचा विमा आधी उतरवून ठेवावा. चिलीच्या पिनोशेला ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनच्या इस्पितळात अटक झाली; उमरावसभेच्या न्यायाधीशांनी पहिला निकाल दिल्यावर त्यांतल्या एकाचा आरोपीच्या विरोधात उभ्या असलेल्या संस्थेशी संबंध असल्याचे निघाले, तेव्हा तो निकाल त्यांनी स्वतःच रद्द करून पुन्हा सुनावणी घेतली. पिनोशेसारख्या माणसाच्या बाबतीत हा काटेकोरपणा पाळला गेला याचे कौतुकच केले पाहिजे, जरी तो अखेर आजारपणाच्या सबबीवर चिलीला परतला आणि शिक्षेविना मेला. चाडच्या हिसेन हाब्रेची गोष्ट जास्त समाधानाची आहे: त्याच्या तुरुंगांतून वाचलेल्या माणसांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि आफ्रिकी संघाच्या साहाय्याने सेनेगलमध्ये, डाकार येथे न्यायालय बसले. हाब्रे स्वखुशीने येईना, तेव्हा त्याला उचलून आणण्यात आले. ३० मे २०१६ रोजी त्याला जन्मठेप झाली. आफ्रिकेच्या भूमीवर, आफ्रिकी न्यायाधीशांनी, परक्या फौजेच्या मदतीवाचून.

अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणाने शेख हसीना यांना, त्या गैरहजर असताना, देहान्ताची शिक्षा सुनावली. हे न्यायाधिकरण १९७१ च्या गुन्ह्यांसाठी २०१० मध्ये हसीना यांच्याच सरकारने बसविले होते, त्याच्या कामकाजातील उणिवांवर तेव्हा जगाने बोट ठेवले असता त्यांच्या सरकारने ते मनावर घेतले नव्हते, आणि त्याच न्यायाधिकरणाने त्यांच्या बचावास सरकारी खर्चाने वकील नेमून दिला. २०२४ च्या पावसाळ्यातील आंदोलनातील पोरांच्या छातीत गोळ्या कोणाच्या हुकमाने गेल्या याचा जाब मागितलाच पाहिजे. पण गैरहजर आरोपीला फाशी सांगणे हा जाब मागण्याचा मार्ग नव्हे. दुसऱ्यांसाठी जे घडविले त्या दाराची उंची आपल्यालाही कधी लागेल, एवढा विचार सत्ताधीशांनी दार बसवितानाच करावयास हवा होता.

आता पुन्हा बगदादकडे. सद्दामसाठी न्यायालय उभारण्याचा कायदा १० डिसेंबर २००३ रोजी अमेरिकी प्रशासनाने नेमलेल्या मंडळाने मंजूर केला. तीनच दिवसांनी सद्दाम तिक्रितजवळच्या एका खड्ड्यात सापडला. परकी न्यायाधीश घेण्याची तरतूद त्यात होती, घेतला एकही नाही. देहान्त शिक्षा ठेवल्यामुळे संयुक्त राष्ट्रांनी हात आखडता घेतला. पहिल्या सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी सादून अल-जनाबी या बचावाच्या वकिलास पळवून ठार करण्यात आले. नोव्हेंबरात आदेल अल-जुबैदी. पुढच्या जूनमध्ये खमीस अल-ओबैदी. मालशेर्बला निदान खटल्यानंतर मारले होते. पहिले मुख्य न्यायाधीश रिझगार अमीन हे आरोपींशी सभ्यपणे बोलत. ते फार सौम्य आहेत अशी ओरड झाली आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर ज्याचा क्रम होता तो पूर्वीचा बाथवाला असल्याचा आरोप होऊन बाजूस झाला. मग रऊफ अब्दुल रहमान आले, ते हलब्जाचे. मार्च १९८८ मध्ये जेथे विषारी वायूने सुमारे ५,००० माणसे मारली गेली तेच हलब्जा. ते न्यायाधीश म्हणून वाईट होते असे नाही, पण त्यांच्या जागी दुसरा कोणी मिळू नये काय? दुसऱ्या, कुर्दांच्या कत्तलीवरील अन्फालच्या खटल्यातील न्यायाधीश अब्दुल्ला अल-अमिरी सद्दामला एकदा ‘तुम्ही हुकूमशहा नव्हता’ असे बोलून गेले. वाक्य मूर्खपणाचे खरे. सरकारने पाच दिवसांत त्यांना खुर्चीवरून काढले. ज्या खुर्चीवरून सरकारला न आवडणारे वाक्य बोलता येत नाही तीवरून सरकारला न आवडणारा निकाल कसा देता येणार?

वास्तविक खोटेपणाची गरजच नव्हती. १ मार्च २००६ रोजी सद्दाम स्वतः उठून उभा राहिला आणि म्हणाला की १४८ जणांना खटल्यासाठी मीच पाठविले, बागाही मीच उपटविल्या, यात गुन्हा कोठे आहे? त्याच्या सहीचे कागद सरकारी वकिलांनी पडद्यावर दाखविले. फाशी गेलेल्यांत अल्पवयीन मुले होती हे कागदांवरूनच निघाले. इतका भक्कम पुरावा हाती असलेल्या न्यायालयाने एक-दोन वर्षे अधिक घेतली असती, बचावाला रक्षण आणि वेळ दिला असता, तर काय बिघडत होते? त्याऐवजी ५ नोव्हेंबर २००६ रोजी, अमेरिकेतील निवडणुकांच्या दोन दिवस आधी, निकाल जाहीर झाला. निकालपत्राची प्रत बचावाच्या हाती पडावयास दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला, आणि अपिलाची मुदत तर निकालाच्या तारखेपासून मोजली जात होती. २६ डिसेंबरला अपील फेटाळले गेले. अपील न्यायालयाने उलट ताहा यासीन रमादानची जन्मठेप कमी आहे म्हणून प्रकरण परत पाठविले, आणि त्यालाही पुढे फाशी झाली.

३० डिसेंबर २००६. सुन्नींची बकरी ईद. सणाच्या दिवशी फाशी देऊ नये असा इराकचा स्वतःचा कायदा. पहाटे, काझिमियाच्या एका थंड खोलीत, दोर गळ्यात असता खाली उभ्या असलेल्यांपैकी कोणी शिया पुढारी मुक्तदा सद्रच्या नावाचा जयघोष केला, कोणी शिव्या दिल्या, कोणी त्यांना गप्प राहण्याची विनंती केली, आणि कोणाच्या तरी मोबाइलने हे सारे टिपून घेतले. १४८ माणसांच्या मारेकऱ्याला त्या चित्रफितीने, तो मुळीच लायक नसता, करुणेचा विषय केला. दुजैलच्या माणसांवर हा दुसरा अन्याय झाला असे मी समजतो.

आणि अन्फाल? १९८८ मध्ये कुर्दांची गावेच्या गावे उठवून, वायू सोडून, वाळवंटात नेऊन खड्ड्यांच्या काठी उभे करून जी माणसे मारली गेली, त्यांची गणती सर्वांत कमी धरणारेही ५०,००० च्या खाली येत नाहीत. त्या खटल्याचे काम ऑगस्ट २००६ पासून चालू होते आणि सद्दाम त्यातील पहिला आरोपी होता. ८ जानेवारी २००७ रोजी ते पुढे चालू झाले तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. न्यायाधीशांनी प्रथम त्याच्यावरील आरोप मृत्यूमुळे काढून टाकल्याचे सांगितले. नंतर सरकारी वकिलांनी पुराव्यादाखल जुन्या ध्वनिफिती लावल्या, आणि कुर्दांवर रासायनिक अस्त्रे वापरण्याविषयी बोलणारा सद्दामचा आवाज त्या दालनात सर्वांनी ऐकला.